धर्मपीठापासून टपालपेटीपर्यंत

एखादी विद्या किती अवघड आहे, ह्यापेक्षा ती शिकण्याचा अधिकार कोणास होता आणि कोणास नव्हता, हा प्रश्न त्या विद्येच्या इतिहासात पुष्कळदा अधिक उद्बोधक ठरतो. आपल्या परंपरेत वेदाध्ययनाच्या अधिकाराचा वाद कित्येक शतके चालला आणि ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत उघड केला तेव्हा त्या वादास केवढे वळण मिळाले, हे मराठी वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. युरोपातील ख्रिस्ती समाजातही ह्याच जातीचा एक अधिकारवाद दीर्घकाळ चालला. आज एखादी शाळाशिक्षिका दिवसभराचे काम आटोपून, घरच्या मेजावर पुस्तके मांडून, कॅथलिक ईश्वरविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यास करू शकते. तिला मठात राहावे लागत नाही, दीक्षा घ्यावी लागत नाही, गावही सोडावे लागत नाही. ही गोष्ट आता इतकी साधी वाटते की तिच्यामागे साडेचारशे वर्षांचा झगडा उभा आहे, ह्याची सहसा कोणास आठवण राहत नाही.

तो झगडा थोडक्यात सांगावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू. त्यासाठी मुख्यतः इंग्लंडचा इतिहास निवडला आहे, आणि त्यास दोन कारणे आहेत. एक तर त्या देशात कॅथलिक प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेल्या सामान्य श्रद्धावंतांना, ह्या विद्येचे दार दोन्ही बाजूंनी बंद होते : बाहेरून राज्याच्या कायद्याने आणि आतून धर्मसंस्थेच्या रूढीने. दुसरे कारण असे की ह्याच इतिहासाचा एक धागा थेट आपल्या मराठी भाषेपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रारंभी शब्दाविषयी थोडेसे. 'धर्मशास्त्र' म्हटले की आपल्यासमोर मनू-याज्ञवल्क्यादी स्मृती आणि महामहोपाध्याय काणे ह्यांचा प्रचंड ग्रंथ उभा राहतो. म्हणजे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त ह्यांचा विचार. येथे अभिप्रेत असलेली विद्या त्याहून निराळी आहे. ईश्वराचे स्वरूप, ख्रिस्ताचे व्यक्तित्व, धर्मग्रंथांचा अर्थ, संस्कारविधींचे मर्म आणि नीतितत्त्वे ह्यांचा श्रद्धेच्या आधाराने, परंतु तर्काच्या शिस्तीने केलेला अभ्यास, असा तिचा आशय आहे. म्हणून 'ईश्वरविज्ञान' हा शब्द येथे वापरला आहे.

बंदिस्त विद्या

मध्ययुगीन युरोपात ईश्वरविज्ञान ही सर्व विद्यांची राणी समजली जाई, आणि राणीच्या महालात प्रवेश सोपा नव्हता. पॅरिस विद्यापीठाच्या १२१५ सालच्या नियमांनुसार ह्या विषयाचे अध्यापन करू इच्छिणाऱ्याने किमान आठ वर्षे त्याचा अभ्यास केलेला असावा आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असावीत, असा दंडक होता. भाषा लॅटिन, स्त्रियांना विद्यापीठात स्थान नाही. सिएनाची कॅथरीन आणि आविलाची तेरेसा ह्यांसारख्या स्त्रियांनी अध्यात्मावर श्रेष्ठ दर्जाचे लेखन केले. परंतु त्यांना 'धर्मसंस्थेच्या आचार्या' ही पदवी मिळावयास १९७० साल उजाडावे लागले.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या वादळाने युरोप हादरला. कॅथलिक धर्मगुरूंपैकी अनेकांचे अज्ञान हे त्या वादळाचे एक कारण होते, आणि ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ते ओळखले. १५६३ साली तिने असा निर्णय केला की प्रत्येक धर्मप्रांताने बारा वर्षांवरील होतकरू मुलांसाठी एक निवासी विद्यालय चालवावे आणि तेथेच त्यांना धर्मगुरुपदासाठी घडवावे. 'सेमिनरी' ह्या संस्थेचा हा उगम. लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा मूळ अर्थ रोपवाटिका असा आहे, आणि तो अन्वर्थक आहे. कोवळी रोपे बाहेरच्या वाऱ्यापासून जपून वाढवावीत, ही त्यामागील दृष्टी. सुधारणा म्हणून ती योजना निःसंशय मोलाची होती. अडाणी पुरोहिताच्या जागी शिकलेला पुरोहित आला. तथापि तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ईश्वरविज्ञान आणि सेमिनरी ह्यांची गाठ इतकी पक्की बसली की ही विद्या म्हणजे एका व्यवसायाचे प्रशिक्षण होय, असा समज रूढ झाला. ज्याला पुरोहित व्हावयाचे नाही त्याला तिची गरज काय, हा प्रश्न कोणी उच्चारला नाही तरी गृहीत धरला जाऊ लागला.

देशत्याग आणि ओवी

इंग्लंडमध्ये ह्याच सुमारास दुसरे दार बंद झाले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात अँग्लिकन पंथ हा राजपंथ ठरला. १५८१ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यास त्या पंथाच्या ३९ कलमांवर स्वाक्षरी करणे भाग पडले; १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेऊन परतलेल्या कॅथलिक धर्मगुरूचे इंग्लंडमधील वास्तव्य हाच राजद्रोह ठरला. साहजिकच इंग्रज कॅथलिकांची विद्यालये समुद्रापलीकडे निघाली : विल्यम ॲलन ह्यांनी १५६८ साली दुए येथे, पुढे रोममध्ये, स्पेनमधील वायादोलिद येथे, आणि १६१४ साली येशूसंघाने लूव्हाँ येथे. ईश्वरविज्ञान शिकावयाचे म्हणजे देश सोडावयाचा, आणि परत यावयाचे तर प्राण पणाला लावून, अशी ती परिस्थिती होती.

देश सोडणाऱ्या ह्या तरुणांपैकी एक विल्टशरचा टॉमस स्टीफन्स. त्याचा एक सहकारी इंग्लंडमध्ये पकडला गेला आणि त्याची उमर तुरुंगात गेली; स्टीफन्स मात्र रोमला पोहोचला आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाला. लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो गोव्यास उतरला. हिंदुस्थानात स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पुढील चाळीस वर्षे त्याने प्रामुख्याने साष्टीत घालविली, आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ देवनागरी खिळ्यांच्या अभावी रोमन लिपीत छापावा लागला. तरी त्याची भाषा आणि छंद आपल्या पुराणपरंपरेचे आहेत.

फादर स्टीफन्सच्या मराठीचे कौतुक आपण नेहमी करतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच्या कार्याचे आणखी एक अंग ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या शास्त्रासाठी त्याला स्वतःला मायदेश सोडावा लागला, ते शास्त्र त्याने सामान्य गृहस्थांच्या भाषेत, त्यांना पाठ होईल अशा ओवीत आणून ठेवले. सेमिनरीच्या चार भिंतींत शिकविली जाणारी सृष्टी, पतन, अवतार आणि मुक्ती ह्यांची मीमांसा साष्टीतील शेतकरी चर्चमध्ये ऐकू लागला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज विजरईने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. त्यानंतरही हा ग्रंथ लोकांच्या हस्तलिखितांत आणि स्मरणात टिकून राहिला, ही गोष्ट बोलकी आहे. विद्या एकदा घरात शिरली की ती बाहेर काढणे सरकारला सोपे जात नाही.

इंग्लंडमधील गृहस्थांना मात्र असा ओवीबद्ध आधार नव्हता. त्यांच्यासाठी दुए येथील विद्वानांनी केलेले बायबलचे इंग्रजी भाषांतर होते आणि पुढे १७४० साली बिशप रिचर्ड चॅलनर ह्यांनी प्रसिद्ध केलेले 'गार्डन ऑफ द सोल' हे छोटे उपासनापुस्तक होते. धर्मगुरू महिनोन्‌महिने न भेटणाऱ्या कुटुंबांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्याने श्रद्धा टिकविली. परंतु श्रद्धेचे शास्त्र त्यातून शिकता येत नव्हते.

एका पेनीचे तिकीट

१८२९ च्या कायद्याने इंग्रज कॅथलिकांवरील बहुतेक निर्बंध उठले, आणि त्याच पिढीत दोन अशा गोष्टी घडल्या की ज्यांचा धर्माशी वरवर पाहता काहीही संबंध नव्हता. १८४० साली रोलंड हिल ह्यांच्या योजनेनुसार एका पेनीत देशात कोठेही पत्र जाऊ लागले, आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन ह्यांनी आपली लघुलेखनपद्धती टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थी धडा उतरवून पाठवी, गुरू तो तपासून परत धाडी. आजच्या सर्व दूरशिक्षणाचे बीज ह्या साध्या देवघेवीत आहे.

दुसरी गोष्ट लंडन विद्यापीठाची. १८३६ साली सनद मिळालेल्या ह्या विद्यापीठाने पंथाची अट ठेवली नव्हती. १८५८ साली त्याने आणखी पुढचे पाऊल टाकले : उमेदवार कोणत्या महाविद्यालयात बसला होता हे न विचारता जो परीक्षा उत्तीर्ण होईल त्यास पदवी द्यावयाची. १८७८ साली ह्या पदव्या स्त्रियांनाही खुल्या झाल्या. आपल्याकडील मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही १८५७ ची विद्यापीठे ह्याच लंडनच्या नमुन्यावर बेतलेली होती. मात्र १८५४ च्या वुडच्या खलित्याने त्यांच्या परीक्षांतून धर्मविषयक भाग कटाक्षाने वगळला, आणि राज्यकर्त्यांच्या धार्मिक तटस्थतेच्या त्या धोरणामुळे ईश्वरविज्ञान हिंदुस्थानातील विद्यापीठांबाहेरच राहिले. अपवाद सेरामपूरचा : मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) रचणाऱ्या विल्यम कॅरी ह्यांच्या त्या प्रॉटेस्टंट महाविद्यालयास डेन्मार्कच्या राजाने १८२७ सालीच पदवीदानाची सनद दिली होती.

इंग्लंडमध्ये १८७१ च्या कायद्याने ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम येथील धर्मकसोट्या रद्द झाल्या. परंतु ईश्वरविज्ञानाच्या पदव्या त्यातून वगळण्यात आल्या. म्हणजे कॅथलिक तरुणास तेथे गणित शिकून पदवी घेता येई, स्वतःच्या श्रद्धेचे शास्त्र शिकून मात्र नाही. शिवाय कॅथलिक बिशपांनीही आपल्या मुलांना त्या विद्यापीठांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. तो १८९५ साली सैल झाला. लेखाच्या आरंभी म्हटलेली दोन बंद दारे ती हीच. टपाल होते, छापखाना होता, परीक्षेची पद्धत होती. परवानगी तेवढी नव्हती.

न्यूमन

ही परवानगी मागणारा सर्वांत प्रभावी आवाज जॉन हेन्री न्यूमन ह्यांचा. ऑक्सफर्डचे हे नामांकित अँग्लिकन धर्मगुरू ९ ऑक्टोबर १८४५ रोजी कॅथलिक झाले आणि पुढील वर्षी बर्मिंगहॅमजवळील ऑस्कॉटच्या जुन्या वास्तूत सहकाऱ्यांसह राहावयास गेले. त्या वास्तूस त्यांनी 'मेरीव्हेल' असे नाव दिले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८५२ साली डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांत न्यूमन ह्यांनी असा सिद्धान्त मांडला की जे विद्यापीठ सर्व ज्ञान शिकविण्याचा दावा करते त्याला ईश्वरविज्ञान वगळता येणार नाही. एक शाखा वगळली की इतर शाखा तिच्या जागेवर अतिक्रमण करतात. ह्या विद्येस सेमिनरीच्या कुंपणातून काढून ज्ञानाच्या खुल्या सभेत बसविण्याचा तो प्रयत्न होता. १८५९ साली ते आणखी पुढे गेले. 'रॅम्बलर' ह्या नियतकालिकात त्यांनी असे दाखवून दिले की चौथ्या शतकात, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीच्या वादात, अनेक बिशप डळमळले असताना सामान्य श्रद्धावंतांनी सत्याची कास सोडली नाही; म्हणून धर्मतत्त्वांच्या बाबतीत त्यांचेही मत जाणून घेणे योग्य आहे. ह्या लेखाबद्दल रोमकडे तक्रार गेली आणि न्यूमन कित्येक वर्षे संशयाच्या छायेत राहिले. रोममधील एका इंग्रज धर्माधिकाऱ्याने १८६७ साली लिहिलेल्या पत्रात तर प्रापंचिकांचे क्षेत्र म्हणजे शिकार करणे आणि पाहुण्यांची सरबराई ठेवणे एवढेच होय, असे बजावले. काळाने निकाल दिला तो न्यूमन ह्यांच्या बाजूने. १८७९ साली ते कार्डिनल झाले, २०१९ साली संत म्हणून घोषित झाले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी, कॅथरीन आणि तेरेसा ह्यांच्या मालिकेत, धर्मसंस्थेचे आचार्य ठरले.

उद्यानातले अध्ययन

विसाव्या शतकाच्या आरंभी एक अनोखा प्रयोग झाला. १९१८ साली लंडनमध्ये 'कॅथलिक एव्हिडन्स गिल्ड' ही संस्था निघाली. हाइड पार्कसारख्या उघड्या जागी उभे राहून कॅथलिक श्रद्धेचे विवेचन करणे हे तिचे काम, आणि वक्ते होते कारकून, शिक्षक, गृहिणी, कामगार. त्यांच्यासाठी सायंकाळचे वर्ग चालत. एखाद्या विषयावर बोलण्याचा परवाना मिळण्यापूर्वी परीक्षकांपुढे उभे राहून आडव्यातिडव्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. फ्रँक शीड आणि मेझी वॉर्ड हे दांपत्य ह्या संस्थेतूनच पुढे आले. १९२६ साली त्यांनी प्रकाशनसंस्था काढून ईश्वरविज्ञानाची पुस्तके सामान्य वाचकाच्या हाती दिली. शीड ह्यांनी सेमिनरीत पाऊलही न टाकता ह्या विषयावर अधिकाराने लिहिले आणि १९५७ साली रोमच्या संमतीने फ्रान्समधील लील येथील कॅथलिक विद्यापीठाने त्यांना ईश्वरविज्ञानाची सन्माननीय डॉक्टरेट दिली. प्रापंचिक मनुष्य हे शास्त्र पेलू शकतो, हे सिद्ध झाले होते. नियमित पदवीचा मार्ग मात्र अजून मोकळा व्हावयाचा होता.

तो मार्ग आधी अमेरिकेत फुटला, आणि तोही एका जोगिणीच्या जिद्दीने. इंडियाना राज्यातील सेंट मेरीज महाविद्यालयाच्या प्रमुख सिस्टर मॅडेलिव्हा वुल्फ ह्या स्वतः कवयित्री होत्या. स्त्रियांना ईश्वरविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी कॅथलिक संस्था देशात मिळेना, तेव्हा १९४३ साली त्यांनी आपल्याच महाविद्यालयात तशी शाखा उघडली. इतर विद्यापीठांची दारे उघडल्यावर तिचे काम संपले. परंतु ती दारे उघडण्यास ज्यांनी भाग पाडले त्यांत तिची गणना करावी लागेल.

१९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने ह्या साऱ्या खटपटीवर मान्यतेची मोहोर उमटविली. प्रापंचिकांपैकी पुष्कळांनी धर्मविद्यांचे पुरेसे शिक्षण घ्यावे आणि काहींनी त्यांत आयुष्य वेचून संशोधन करावे, अशी अपेक्षा तिने आपल्या अखेरच्या दस्तऐवजांपैकी एकात व्यक्त केली. अपेक्षेचे रूपांतर हक्कात झाले ते १९८३ च्या धर्मसंहितेत. तिच्या २२९ व्या कलमाने धर्मपीठीय विद्यापीठांत शिकण्याचा आणि पदव्या मिळविण्याचा अधिकार प्रापंचिकांना दिला, आणि पात्र व्यक्तींना ह्या विद्यांचे अध्यापन करण्याची मुभाही दिली.

मेरीव्हेलची पाकिटे

हक्क मिळाला तरी संसार, नोकरी आणि अंतर ही तिन्ही जागच्या जागी होती. इंग्लंडमध्ये १९६९ साली सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठाने दाखवून दिले होते की घरी शिकलेल्याची पदवी वर्गात शिकलेल्याच्या पदवीहून हलकी असण्याचे कारण नाही. १९८० साली बर्मिंगहॅमच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने न्यूमन ह्यांच्या त्याच मेरीव्हेल वास्तूत प्रौढांच्या धर्मशिक्षणाची संस्था स्थापन केली. प्रापंचिकांच्या शिक्षणासाठी झगडलेल्या पुरुषाच्या घरातून पुढे देशोदेशींच्या प्रापंचिकांना पाठांची पाकिटे जाऊ लागली. पदवीपासून पदव्युत्तर पातळीपर्यंत अभ्यासक्रम वाढत गेले. अमेरिकेत व्हर्जिनियामधील आर्लिंग्टन धर्मप्रांतात १९८३ साली घरबसल्या अभ्यासाची अशीच संस्था निघाली. तिचेच पुढे 'कॅथलिक डिस्टन्स युनिव्हर्सिटी' झाले. ज्या डरहॅममध्ये एके काळी धर्मकसोटीचे निर्बंध होते, तेथील विद्यापीठात २००७ साली कॅथलिक अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि पुढे त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दूरशिक्षणानेही मिळू लागले.

ह्या अभ्यासाचे स्वरूप कसे असते? विद्यार्थ्यास मार्गदर्शक पाठ, वाचनाची यादी आणि निबंधाचे प्रश्न येतात. प्रश्न पाठांतराचा नसतो. उदाहरणार्थ, ४५१ सालच्या खाल्सीदोन धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या ठायी मानवी आणि दैवी अशी दोन स्वरूपे एकाच व्यक्तीत आहेत, त्यांची सरमिसळ होत नाही आणि फारकतही होत नाही, असा निर्णय दिला. हा निर्णय समजावयाचा तर अलेक्झांड्रियाच्या सिरिलची पत्रे वाचावी लागतात, पोप लिओचे निवेदन वाचावे लागते, त्या शब्दांचे ग्रीक अर्थ तपासावे लागतात आणि हा निर्णय पूर्वेकडील काही चर्चसंस्थांनी का नाकारला, तेही न्यायबुद्धीने मांडावे लागते. हीच तऱ्हा ऑगस्टीन, अक्वायनस, संस्कारविधी आणि १८९१ सालच्या कामगारविषयक पोपपत्रापासून सुरू होणारा सामाजिक विचार ह्यांची. शेवटी प्रबंध. मार्गदर्शक समासात शेरे लिहून निबंध परत पाठवितो, आणि ठरावीक काळाने विद्यार्थी दोन-चार दिवसांसाठी एकत्र जमतात. टपालाची जागा आता संगणकाने घेतली. पाकीट गेले, समासातील शेरा राहिला.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. नागरी विद्यापीठांची एम.ए. ही पदवी वेगळी आणि रोमच्या अधिकाराने दिली जाणारी धर्मपीठीय पदवी वेगळी. बॅचलर, लायसन्शिएट आणि डॉक्टर अशी तिची शिडी असते, आणि सेमिनरीत शिकवावयाचे तर सामान्यतः दुसरी पायरी तरी चढावी लागते. रोमने दूरशिक्षणाचा स्वीकार जपून केला आहे. २०२१ साली धर्मपीठीय विद्यापीठांतील दूरशिक्षणाविषयी स्वतंत्र सूचनापत्र निघाले, ह्यावरून हा प्रश्न किती महत्त्वाचा मानला जातो हे दिसते.

काय मिळाले, काय उरले

हा सावधपणा केवळ जुनाट हट्ट म्हणून झटकून टाकता येणार नाही. अक्वायनसचा महाग्रंथ उघडला तर प्रत्येक प्रकरणात आधी प्रश्न, मग विरोधी आक्षेप, मग त्यांच्या विरुद्धचे प्रमाण, मग ग्रंथकाराचे उत्तर आणि अखेरीस एकेका आक्षेपाचे निरसन, असा क्रम आढळतो. आपल्या पूर्वपक्ष आणि सिद्धान्त ह्या पद्धतीशी परिचित असलेल्या वाचकास तो लगेच ओळखीचा वाटेल. ही रचना लेखणीची नव्हे, वादसभेची आहे. समोर बसलेला प्रतिपक्षी तिच्यात गृहीत आहे. घरी एकटा वाचणारा विद्यार्थी आक्षेप वाचतो, पण आक्षेप घेणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवीत नाही. त्यातच ही विद्या केवळ माहितीची नाही. प्रार्थना, सहवास आणि सेवा ह्यांतून ती पक्व होते, असे तिचे उपासक मानतात. म्हणूनच धर्मगुरूंच्या घडणीसाठी आजही निवासी सहजीवन आवश्यक समजले जाते.

परंतु निवासी संस्थांचेही आयुष्य अमर नसते, ह्याची साक्ष इंग्लंडनेच दिली आहे. १६१४ साली लूव्हाँ येथे निर्वासितांनी सुरू केलेले येशूसंघाचे विद्यालय अनेक स्थलांतरांनंतर मायदेशी परतले, १९२६ साली ऑक्सफर्डशरमधील हीथ्रॉप येथे आले, तेच नाव घेऊन १९७० साली लंडन विद्यापीठात सामील झाले आणि २०१८ साली बंद पडले. छळाच्या काळात जे टिकले ते खर्चाच्या आणि विद्यापीठीय धोरणांच्या रेट्यात टिकले नाही. अशा वेळी विखुरलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत विद्या पोहोचविणारे दुसरे साधन नसते तर काय झाले असते, ह्याचा विचार दूरशिक्षणाच्या टीकाकारांनीही करावा.

भारतापुरते पाहिले तर येथील परंपरा मुख्यतः निवासी राहिली. १८९३ साली कँडी येथे स्थापन झालेली धर्मपीठीय सेमिनरी १९५५ साली पुण्यास आली, आणि तेथील ज्ञानदीप विद्यापीठ हे ह्या विद्येचे एक प्रमुख केंद्र आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले, त्यामुळे घरबसल्या पदवी ही कल्पना आपल्याकडे अनोळखी राहिलेली नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर वसईच्या 'सुवार्ता' मासिकाने धर्मविचार घरोघरी नेला. १९८३ ते २००७ ह्या काळात त्याचे संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी २०१० साली 'सुबोध बायबल' मराठीस दिले, आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. फादर स्टीफन्सपासूनचा धागा त्यांच्यापर्यंत अखंड आलेला दिसतो.

तरीही एक अंतर शिल्लक आहे, आणि ते मैलांत मोजण्यासारखे नाही. वर सांगितलेले परदेशी अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. वसईच्या किंवा नगरकडच्या खेड्यातील मराठी माध्यमात शिकलेल्या भगिनीस आता दीक्षेची अट आडवी येत नाही, प्रवासाचीही नाही. आडवी येते ती भाषा. सतराव्या शतकात एका परदेशी माणसाने जे ओळखले आणि ११ हजार ओव्या रचून निभावले, ते काम पदव्युत्तर पातळीवर मराठीत कोणी अंगावर घ्यावयास हवे. ग्रंथ हवेत, परिभाषा हवी, आणि समासात मराठीतून शेरा लिहिणारा गुरू हवा.

बृहन्महाराष्ट्रातील एका मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात हा विषय का, असे कोणी विचारील. मायभूमीपासून दूर राहून भाषेचे अध्ययन-अध्यापन चालू ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळाने पन्नास वर्षे अनुभवले आहे. ग्रंथालयातील पुस्तक घरी नेऊन वाचता येते. परंतु ते कोणी तरी आणून ठेवावे लागते, आणि वाचल्यावर त्याविषयी बोलावयास चार माणसे जमावी लागतात. मेरीव्हेलच्या विद्यार्थ्यांना जे सत्र-दोन सत्रांनी एकत्र बोलवावे लागले, तेच आपण दर गणेशोत्सवात आणि दर व्याख्यानमालेत करीत आलो आहोत. पुढील पन्नास वर्षांतही ही चार माणसे जमत राहोत, एवढीच ह्या प्रसंगी सदिच्छा.